उलुदाचा बर्फ आणि बुर्साच्या गाड्या

तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचे नाव आपल्या घराघरांत ऐकलेले असते ते उस्मानी सल्तनतीमुळे. १३२६ साली हे शहर उस्मानींच्या हाती आले आणि पुढे त्यांची राजधानी झाले. उस्मान गाझी आणि ओरहान गाझी यांच्या कबरी इथेच आहेत. वीस घुमटांची उलू जामी, म्हणजे मोठी मशीद, सुलतान बायझीद पहिला याने १३९६ ते १४०० या काळात बांधली. तिच्यात वुजूचा हौद अंगणात नसून मशिदीच्या आत, बरोबर एका घुमटाखाली आहे. त्या घुमटाला काच बसवलेली असल्याने पाण्यावर वरून उजेड पडतो. इथवर बहुतेक प्रवासी पोहोचतात, फोटो काढतात आणि इस्तंबूलला परततात.

पण बुर्साला आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे शहराच्या पाठीशी उभा असलेला २५४३ मीटर उंचीचा उलुदा पर्वत, जिथे अर्धे तुर्कस्तान बर्फावर घसरायला म्हणजे स्कीइंगला येते. दुसरी म्हणजे मोटारींचे कारखाने. १९७१ साली या एकाच शहरात दोन मोठे कारखाने सुरू झाले. तोफाशमध्ये इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या, तर ओयाक-रेनोमध्ये फ्रान्सच्या रेनोच्या. त्यामुळे उलुदावर बर्फात रुतलेली जी जुनी गाडी तुम्हाला दिसते, ती बहुधा त्याच डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेली असते.

मी, माझे मिस्टर, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे मामू-मुमानी असे पाच जण आम्ही फेब्रुवारीत तिथे गेलो होतो. मामूंनी मुंबईत आयुष्यभर टॅक्सी चालवली. त्यांना बर्फ पाहायची फार हौस होती असे नाही. मुलीने हट्ट केला म्हणून ते आले. पण बुर्साच्या बसस्थानकाबाहेर पाऊल टाकले मात्र, आणि ते एका पिवळट पांढऱ्या गाडीपुढे थबकले. "अगं, ही तर आपली एकशे अठरा!"

मामूंचे बरोबर होते. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९८५ पासून जी ११८ एनई निघत असे, तिचा सांगाडा मूळ फियाट १२४ चा होता, इंजिन मात्र जपानच्या निसानचे. तीच फियाट १२४ तुर्कस्तानात 'मुरात १२४' या नावाने बनली आणि रशियात तिची लाडा झाली. एकाच नकाशावरून तीन देशांतल्या मध्यमवर्गाने आपापली पहिली गाडी घेतली. पुढे तुर्कांनी मुरात १२४ ला नवे नाव दिले, 'सेर्चे'. तुर्की भाषेत सेर्चे म्हणजे चिमणी.

चिमणी आली म्हटल्यावर बाकीचे पक्षीही आले. फियाट १३१ वर आधारलेल्या तीन गाड्या तोफाशने ऐंशीच्या दशकात काढल्या: शाहिन, दोआन आणि कार्ताल. शाहिन म्हणजे आपला उर्दूतला शाहीनच. दोआन म्हणजे बहिरी ससाणा. कार्ताल म्हणजे गरुड, आणि ही मागे सामानाला भरपूर जागा असलेली लांब गाडी. तुर्क लोक या सगळ्यांना मिळून 'पाखरांची मालिका' म्हणतात. २००२ पर्यंत त्या बनत होत्या. आज त्या रस्त्यावर अजून दिसतात त्यामागे प्रेम आहेच, पण कारण पैशाचेही आहे. तुर्कस्तानात नव्या गाडीवर विशेष उपभोग कर लागतो आणि कित्येक गाड्यांच्या बाबतीत तो गाडीच्या मूळ किमतीहून जास्त भरतो. वरून मूल्यवर्धित कर वेगळाच. साध्या पगारदाराने नवी गाडी घ्यायची कशी? मग तो जुनी शाहिन घेतो, तिला गॅसची टाकी बसवतो, मागच्या काचेवर 'माशाअल्लाह' लिहितो, आरशाला निळा मणी टांगतो आणि चालवत राहतो. आपल्याकडे मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. बुर्सात पस्तीस-चाळीस वर्षांची गाडी भाजी आणायला जाताना पाहून मामूंना जरा हेवा वाटला असावा, असे मला वाटले.

डोंगरावर जायचे दोन मार्ग आहेत. एक रस्ता, साधारण ३५ किलोमीटरचा, वळणावळणाचा. दुसरा तेलेफेरिक म्हणजे पाळणा. १९६३ साली सुरू झालेला हा तुर्कस्तानातला पहिला पाळणा. २०१४ साली तो नव्याने बांधून थेट वरच्या हॉटेलांपर्यंत नेला. आता त्याची लांबी जवळजवळ नऊ किलोमीटर आहे. खाली बुर्साची कौले, मग पाइन आणि बीचचे जंगल, मग अचानक सगळे पांढरे. कान दडपतात, मुलांना तोंडात गोळी द्यावी. मुमानी गुडघ्यांमुळे खालीच राहिल्या आणि त्यांनी तीन दिवस बाजारात रेशमी रुमाल पाहिले. त्यांची सहल आमच्याहून स्वस्त झाली नाही, एवढेच सांगते.

वर, सुमारे १८०० मीटरवर, हॉटेलांची रांग आहे. स्की, जड बूट, काठ्या, हेल्मेट सगळे भाड्याने मिळते. विकत काही घेऊ नये. पहिल्या दिवशी शिक्षक घेणे मात्र आवश्यक आहे, तिथे काटकसर नको. शिकवण अगदी सोपी असते: पायाच्या टाचा बाहेर, बोटे आत, म्हणजे दोन्ही स्कींचे पुढचे टोक जवळ येते आणि वेग कमी होतो. तुर्कीत या पवित्र्याला 'बर्फाचा नांगर' म्हणतात. मुलीला तो अर्ध्या तासात जमला. मला दुपारपर्यंत. पडायचेच असते, फक्त मागे नाही तर बाजूला पडायचे. बर्फावर उन्हाची तिरीप डोळ्यांत घुसते, त्यामुळे काळा चष्मा हवा, आणि मोजे दोन-दोन जोड्या घालण्यापेक्षा एकच जाड लोकरी जोडी चांगली, कारण घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात.

आपल्या भगिनींना पडणारा प्रश्न म्हणजे पोशाख. स्कीइंगचा पोशाख मुळातच गळ्यापासून घोट्यापर्यंत आणि सैल असतो. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी किंवा बेताचा स्कार्फ बसतो, टोक जॅकेटच्या आत खोचायचे. लोंबते टोक पाळण्यात किंवा दोरीत अडकू शकते. माझ्यासारख्या कितीतरी बायका तिथे होत्या, कोणी वळून पाहिले नाही. खाण्याची काळजी फारशी नाही. सारालान या मधल्या टप्प्यावर मांस विकत घेऊन स्वतःच निखाऱ्यावर भाजायचे, आणि पावात घातलेला सुजूक म्हणजे मसालेदार गोमांसाचा सॉसेज तर उलुदाची ओळखच आहे. मात्र काही हॉटेलांत मद्यही मिळते. ज्यांना ते वातावरण नको असेल त्यांनी आरक्षणाआधी विचारून घ्यावे. नमाजची जागाही तेव्हाच विचारावी.

आणखी एक गोष्ट विचारावी आणि ती सर्वांत आधी: आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना कुठे आहे? २१ जानेवारी २०२५ च्या पहाटे बोलू प्रांतातल्या कार्तालकाया या दुसऱ्या बर्फाळ ठिकाणी एका हॉटेलला आग लागली आणि ७८ माणसे गेली. शाळांना सहामाही सुटी होती, म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे तिथे होती, त्यांत लहान मुले खूप. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. आम्ही खोली ताब्यात घेतल्यावर मुलीला घेऊन तो जिना खालपर्यंत उतरून पाहिला. तिला खेळ वाटला, वाटू दे.

आता गाड्यांकडे. हॉटेलांपुढच्या वाहनतळावर सकाळी फेरी मारावी. सगळ्या गाड्यांचे वायपर काचेपासून उचलून उभे केलेले असतात, हात वर करून सलाम केल्यासारखे. तसे न केले तर रात्रीत ते काचेला गोठून चिकटतात. हँडब्रेक कोणी ओढत नाही, कारण ओलसर तार गोठली की सुटत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवतात. जुन्या गाड्यांत तिथे दोन जाती स्पष्ट वेगळ्या दिसल्या. रेनो १२ आणि तिचीच पुढची आवृत्ती 'तोरोस' ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. इंजिनाचा भार त्याच चाकांवर असतो, त्यामुळे ती बर्फात पकड धरते आणि हळूहळू का होईना चढते. शाहिन मागच्या चाकांवर चालते. भार पुढे, ओढ मागे. चढावर मागची चाके जागीच फिरतात आणि उतारावर शेपूट एका बाजूला जाते. म्हणून शाहिनवाले डिकीत वाळूची पोती टाकतात. साखळीही रेनोला पुढे लावतात आणि शाहिनला मागे. शाहिनला पुढच्या चाकांना साखळी लावली तर काही उपयोग नाही. एका तरुणाने आम्हाला हे सगळे हातवारे करून दाखवले आणि मामू मान डोलावत राहिले, जणू दोघे एकाच गॅरेजात शिकले होते.

या साखळीला तुर्कीत 'झिंजिर' म्हणतात. आपली जंजीरच. हिवाळ्यात रस्त्याकडेला जागोजागी झिंजिर विकणारे उभे असतात आणि बर्फ जास्त असेल तर जंगलाच्या फाटकाजवळ पोलीस त्याशिवाय गाडी वर सोडत नाहीत.

आमच्या परतीच्या दुपारी वारा सुटला आणि पाळणा बंद पडला. उलुदावर हे नेहमीचे आहे. जोराच्या वाऱ्यात पाळणा थांबवतातच. खाली मुमानी एकट्या, फोनची बॅटरी संपत आलेली, अंधार पडायला दीड तास. मिनीबसची रांग लांबलचक. तेवढ्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले आणि बोटाने आपल्या शाहिनकडे दाखवले. भाडे मिनीबसपेक्षा थोडेच जास्त, चौघे लगेच निघू. मिस्टरांनी पिशव्या उचलल्यासुद्धा.

मामू पुढे गेले, मागच्या टायरापाशी उकिडवे बसले आणि अंगठ्याने टायरच्या खाचा चाचपल्या. खाचा उरल्याच नव्हत्या, गुळगुळीत. त्यांनी वर पाहून एकच शब्द विचारला, "झिंजिर?"

गृहस्थ हसले. "योक." म्हणजे नाही.

"झिंजिर योक, तर आम्हीपण योक," मामू म्हणाले आणि उठले.

मिस्टर हळू आवाजात म्हणाले, "मामू, रोज जातात हे लोक या रस्त्याने. मुमानी खाली वाट पाहतायत."

"वाट पाहू दे. मी घाटात मागच्या चाकाची गाडी चालवलीये पावसात. तिथे चिखल असतो, इथे काच आहे. ही गाडी वर चढवणं अवघड नाही, उतरवताना ती आपलं ऐकत नाही." मग त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून, छातीला हात लावून त्यांनी सलाम केला. त्यांनीही केला. राग कुठेच नव्हता. दहा मिनिटांनी दोन तरुण त्यांच्या गाडीत बसून गेलेही.

आम्ही रांगेत सव्वा तास उभे राहिलो. मुलीचे नाक लाल झाले, मिस्टर बोलेनासे झाले. मिनीबसला जाड नक्षीचे हिवाळी टायर होते. तुर्कस्तानात प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना हिवाळ्यात ते सक्तीचे आहेत. उतरताना एका वळणावर दोन गाड्या कडेच्या बर्फात नाक खुपसून उभ्या होत्या. माणसे बाहेर उभी राहून हातावर फुंकर घालत होती, कोणाला लागलेले दिसले नाही. त्यांत ती शाहिन नव्हती. मामूंनी खिडकीतून नीट पाहून खात्री केली आणि "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले. मुमानी आम्हाला पाहून आधी रडल्या, मग रागावल्या, मग त्यांनी कागदातून साखरेत मुरवलेले चेस्टनट काढले. हा बुर्साचा खास मेवा.

शेवटच्या दिवशी इस्कंदर कबाब खाल्ल्यावर मामूंना तोफाशच्या संग्रहालयात नेले. २००२ साली, म्हणजे शाहिन बनायची थांबली त्याच वर्षी, उमुरबे भागातल्या जुन्या रेशीम कारखान्यात ते सुरू झाले. मोटारी आहेतच, पण अनातोलियातल्या बैलगाड्या आणि घोडागाड्याही तिथे मांडल्या आहेत. बुर्साजवळच्या गेमलिकमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे प्रजासत्ताकदिनी, 'टॉग' या तुर्कांच्या स्वतःच्या विजेवरच्या मोटारीचा कारखाना सुरू झाला. तिचे रंगही गेमलिक निळा, पामुक्कले पांढरा असे मुलुखाच्या नावांचे. मुलीला ती गाडी रस्त्यावर मोजायचा नाद लागला होता; आकडा सतराला पोहोचला होता. मामू मात्र एका बैलगाडीच्या लाकडी चाकाजवळ वाकून त्याची लोखंडी धाव पाहत उभे होते. रखवालदाराने काही विचारले, बहुधा "कुठून आलात?" असे. मामूंनी आधी चाकाकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवून म्हटले, "मुंबई. टॅक्सी." रखवालदाराने त्यांच्यासाठी खुर्ची आणली आणि चहा मागवला.