बाप्तिस्म्याआधीची वर्षं

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडे वाडा डिसेंबर २०२३मध्ये महापालिकेनं पाडला. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली, हे आता पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मात्र शाळा काढणारा जोतीराव वर्षभरापूर्वीपर्यंत स्वतःच विद्यार्थी होता, आणि तोही स्कॉटिश मिशनच्या शाळेचा, हे सांगताना आपण जरा घाई करतो. १८४१ ते १८४७, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत, तो या शाळेत होता. आज ख्रिस्ती मंडळ्यामंडळ्यांतून जे ‘युवक कार्य’ चालतं, त्याची पुण्यातली सुरुवात शोधायची तर या शाळांच्या बाकांपर्यंत मागे जावं लागतं.

मिशनचा हिशेब सरळ होता. पोरं इंग्रजीसाठी येतील, सोबत बायबलच्या तासाला बसतील, आणि कधीतरी त्यातल्या काहींचं मन वळेल. जोतीराव, सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर ही मित्रमंडळी त्याच पिढीची. धर्म हा विचारून पाहण्याचा विषय आहे, हे ती तिथे शिकली. पुढे जोतीरावांनी थॉमस पेन वाचला, एकच निर्मिक मानला, माणसामाणसांतली उतरंड नाकारली, पण बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनच्या वहीत हा विद्यार्थी ‘न आलेला’च राहिला असणार. मला तो त्या शाळेचा सर्वांत यशस्वी विद्यार्थी वाटतो.

अर्थात तेव्हा असं म्हणणं मिशनऱ्यांना परवडणारं नव्हतं, आणि त्यांच्या विरोधकांना तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंना पोरं हवी होती. १८३९ साली मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी मुलानं बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजानं न्यायालयात धाव घेतली. मुलाला समज आली आहे, कुठे राहायचं ते त्यानंच ठरवावं, असं न्यायालय म्हणालं. तो विल्सनसाहेबांकडे गेला आणि शाळा जवळजवळ ओस पडली.

चार वर्षांनी नेमकं उलट घडलं. नारायण शेषाद्रींनी १८४३मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा बाराएक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयाला गेला. या वेळी न्यायालयानं मुलाचं वय कमी ठरवून त्याला बापाच्या हवाली केलं. पण घरी परतूनही प्रश्न सुटेना, कारण तो ख्रिस्त्यांच्या पंक्तीला जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. मिशन, न्यायालय, जात, सुधारक असे चौघे त्या पोराभोवती भांडत होते. थोरला नारायण पुढे नामांकित पाळक झाला, जालन्याजवळ त्यानं बेथेल नावाचं गाव वसवलं. धाकट्याला त्या काळात काय वाटलं असेल, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आल्याचं दिसत नाही.

या ओढाताणीत बाबा पदमनजींची गोष्ट वेगळी पडते, कारण ती सावकाश घडली. १८३१ साली बेळगावात जन्म, तिथल्या मिशन शाळेत शिक्षण, मग मुंबईत कॉलेज. मधल्या काळात परमहंस सभेत जाऊन जातिभेद मोडण्याच्या शपथा. बाप्तिस्मा झाला १८५४ साली, तेविसाव्या वर्षी. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी शंका, भीती, घरच्यांची माया, मागे फिरणं, पुन्हा पुढे येणं हे सगळं नोंदवलं आहे. मला त्या पुस्तकातला हा भाग बाप्तिस्म्याच्या प्रसंगापेक्षा मोलाचा वाटतो. शिबिराच्या शेवटच्या रात्री गिटार वाजत असताना किती हात वर झाले, हे मोजून अहवाल लिहिणाऱ्या आजच्या युवक-पुढाऱ्यांनी तो जरूर वाचावा. १८६७ साली पदमनजी पुण्याच्या फ्री चर्चचे पाळक झाले आणि सहा वर्षं ते काम त्यांनी केलं. स्वतः इतकी वर्षं अडखळलेला माणूस दुसऱ्याच्या शंकेवर फार चिडत नसावा, असा आपला माझा अंदाज.

पदमनजींच्या बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच एका पोरीनं आपला धर्म कोणता, हा प्रश्न थेट देवालाच विचारला. जोतीरावांनी ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच, चिपळूणकरांच्या वाड्यात, मुलींची आणखी एक शाळा सुरू केली होती, आणि पुढच्या वर्षी वेताळ पेठेत. त्यांच्या शाळांत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली, चौदाएक वर्षांची मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ असा दोन अंकांत छापून आला. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचाही अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं विचारलं आहे. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे त्याचं उघड काम. तरीही एका किशोरवयीन मुलीचा धर्माविषयीचा राग त्यानं तिच्याच शब्दांत छापला. संपादकांना आपला फायदा दिसला असेल, तो दिसणारच. पण पोरांचं म्हणणं ऐकून घेण्याची हिंमत म्हणतात ती हीच.

पुढची मोठी खडाखडी १८९३ची. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८९०च्या अखेरीस मुंबईहून पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, असं ठरलेलं. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली आत येऊन बसत. येणाऱ्या मुलीला हाकलायचं का? रमाबाई म्हणाल्या, नाही. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. दोष एकाच बाजूला टाकता येत नाही. बालविधवा मुलीला डोक्यावर छप्पर देणारी बाई प्रार्थना करते, तेव्हा उघडं दारसुद्धा ओढून घेऊ शकतं. पण सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली, आणि हिंदूच राहिली. तेव्हा सदनात शिरली की मुलगी बाटलीच, हा कांगावाही खरा नव्हता.

केडगावात मात्र प्रमाण बदललं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली रमाबाईंच्या तिथल्या मुक्तिसदनात होत्या, आणि १९०५च्या जूनअखेर तिथे ‘जागृती’ झाली. मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडून पापं कबूल करू लागल्या, टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. वेल्स आणि खासी टेकड्यांतून आलेल्या लाटेचाच हा भाग होता. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्याविषयी इंग्रजीत पुस्तिका लिहिली, ती त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे चिलीत वालपाराइसोला पोचली, आणि १९०९मध्ये तिथे पेंटेकॉस्टल चळवळ सुरू होण्याला तिचा हातभार लागला. दौंडच्या अलीकडच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या अनाथ पोरींचा आवाज दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला, हा इतिहास पुण्याच्या मंडळ्यांतही फार कमी जणांना सांगता येतो. अन्न, वस्त्र, निवारा ज्यांच्याकडून मिळतो त्यांचाच देव मानताना मुलीची निवड किती मोकळी असते, हा प्रश्न मला सोडत नाही. पण गावोगाव जाऊन बोलायला उभी राहिलेली ती मुलगी निव्वळ आश्रित उरली नव्हती, हेही तितकंच खरं.

कवी नारायण वामन टिळकांच्या घरातला प्रकार मला सर्वांत पटतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं काय होती ते लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. घरातल्या माणसाला वेळ द्यावा लागतो, हे टिळकांना तिथे कळलं असावं. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा मुलगा ‘बालकवी’ ठरला. टिळकांनी त्याला नगरला घरी आणलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. वाद झाले, रुसवेफुगवे झाले, कविता झाल्या, धर्मांतर झालं नाही. ख्रिस्ती मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेव्या’साठी लिहिणारा, भजनांतून अख्ख्या मराठी मंडळीला गायला लावणारा हा माणूस एका तरुणाला वर्षानुवर्षं जवळ ठेवतो आणि त्याची नोंद वहीत करत नाही.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात बसू शकत होते. मंडळीतल्या अनेकांना ते रुचलं नाही. १९१९च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. शब्बाथ शाळा, दृढीकरणाचे वर्ग, युवक संघ आणि उन्हाळी शिबिरं मात्र चालू राहिली, आणि वहीतल्या नोंदीही.