पांढऱ्या टोग्यातला ‘कँडिडेट’

निवडणुकीतला ‘कँडिडेट’ हा शब्द मुळात कपड्याचा रंग सांगतो. प्राचीन रोममध्ये पद मागायला निघालेला माणूस आपला लोकरी टोगा खडूची भुकटी चोळून लख्ख पांढरा करी. लॅटिनमध्ये ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र, झळाळता. म्हणून तो ‘कँडिडाटस’. या उजळवण्यावर इ.स.पू. ४३२ मध्ये कायद्याने बंदी आल्याचं इतिहासकार लिव्ही नोंदवतो. प्रथा मात्र टिकलीच. मतांसाठी असं फिरणं म्हणजे ‘अँबिटिओ’. त्यातून ‘अँबिशन’ आला. ‘कँडल’ही ‘कँडिडेट’च्याच कुळातली. मला सर्वांत मोहवतं ते याहून जुनं नातं: चमकणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद ‘कँदेरे’ आणि संस्कृत ‘चंद्र’ एकाच प्राचीन धातूतून आलेत. आपला चांदोबा त्या टोग्याचा दूरचा सोयरा आहे!