कार्यकर्ता टिकतो कशाने?

अभ्यासवर्ग आणि युवक शिबिरे चालविणाऱ्या आम्हां मंडळींना एक प्रश्न नेहमी विचारला जातो. पदरमोड करून, संध्याकाळचा वेळ खर्चून ही मुले-मुली समाजाचे काम का करतात?

भोर व वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत हा प्रश्न केवळ कौतुकाचा नाही. राजगड-तोरण्याच्या कुशीत आणि भाटघर, नीरा-देवघर धरणांच्या मागे वसलेल्या वाड्यावस्त्यांतून शिकलेला तरुण कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरतो. अशा ठिकाणी शिकविणारा एक कार्यकर्ता गेला की दुसरा सहजासहजी मिळत नाही. वर्ग बंद पडतो आणि शिकू लागलेली मुले पुन्हा गुरांमागे जातात.

आमच्या मते कार्यकर्ता कामात येण्याची कारणे एक असतात आणि टिकण्याची कारणे दुसरी. कोणी मित्राच्या आग्रहाने येतो, कोणी अनुभवासाठी, कोणी प्रमाणपत्रासाठी. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास सेवा करतो व प्रमाणपत्र मिळवितो. यात कमीपणा काहीच नाही. परंतु प्रमाणपत्र हाती पडल्यावरही जो वस्तीवर जात राहतो, त्याला काय बांधून ठेवते?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. जे. पी. नाईक व डॉ. चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळेबाहेरच्या मुलांसाठी संध्याकाळचे अनौपचारिक वर्ग चालविले. दिवसभर घरकाम व गुरे सांभाळणाऱ्या मुली त्यांत मोठ्या संख्येने होत्या. शिकविणारे गावातलेच, मानधन अल्प. परीक्षेऐवजी 'बालजत्रा' भरे आणि मुले काय शिकली ते हसतखेळत दिसून येई.

या प्रयोगातून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली, गावातला शिक्षक गावाला उत्तर देतो. लोकांचा विश्वास हाच त्याचा मान. दुसरी, कामाचे फळ डोळ्यांना दिसले पाहिजे. काल अक्षर न ओळखणारी मुलगी आज पाटी वाचते, हे पाहणाऱ्याला वेगळ्या सत्काराची गरज उरत नाही. तिसरी, शिकविणाऱ्याचेही शिक्षण चालू राहिले पाहिजे, नाहीतर उमेद आटते.

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी खंत बोलून दाखविली होती. ती खंत आपल्या मनाला टोचते आणि समाजाचे ऋण फेडण्यासाठी अनेकजण पुढे येतात. पण टोचणी माणसाला दारापर्यंत आणते. आत बसवून ठेवते ती सोबत. कार्यकर्ता बहुधा कंटाळून जात नाही, एकटा पडल्यामुळे जातो.

म्हणून भाषणात त्यागाचा गौरव करून आपले कर्तव्य संपत नाही. एस.टी.चे भाडे वेळेवर द्यावे. एका वस्तीवर दोघांना जोडीने पाठवावे. महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून अडचणी बोलाव्यात. वर्षातून एकदा मुलांनी आपली प्रगती गावासमोर मांडावी. कार्यकर्त्याची स्वतःची परीक्षा जवळ आली तर त्याचा वर्ग दुसऱ्याने सांभाळावा.

एवढे आपण केले तर सेवाभाव शिकवावा लागणार नाही. तो तरुणांच्या ठायी आहेच. त्याला आधार देणे आपल्या हाती आहे.