पन्नास राज्यं, पन्नास कायदे (भाग ११) : पर्समधली मिरची

या आठवड्यात उंबरठ्याचा कायदा घ्यायचा होता. घरात घुसलेल्या माणसावर गोळी झाडायचा हक्क कुठल्या राज्यात दारापाशी सुरू होतो आणि कुठे अंगणापासूनच, हे सांगायचं मी कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. कारण सांगलीच्या एका वाचक काकूंचं पत्र. गेले दहा भाग मी पिस्तुलं आणि परवाने घेऊन बसलोय, आणि काकूंनी दोन ओळींत विचारलंय ते मला आधी सुचायला हवं होतं. त्यांची लेक न्यू जर्सीत एडिसनला असते, कामावरून परतायला रात्र होते, आता नोकरी बदलून बॉस्टनला चाललीय. तिने पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवला तर चालतो का? आणि ‘मी पुढच्या महिन्यात जातेच आहे, तर इथूनच दोन-तीन डब्या नेऊ का? इथे स्वस्त पडतात.’

काकू, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका नेऊ. मेतकूट न्या, गोडा मसाला न्या. हा फवारा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात हातातल्या पिशवीत चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना तिथल्या नियमांत थोडी ढील आहे : चेक-इन बॅगेत चार औंसांपर्यंतची एकच डबी, तीही चुकून दाबली जाणार नाही असा खटका असलेली. पण मुंबईहून नेवार्कला जाताना त्या सवलतीचा काही उपयोग नाही.

जाता जाता एक गंमत. या ‘पेपर’ स्प्रेमध्ये मिरीचा दाणाही नसतो. असतो तो मिरचीचा अर्क. कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला, त्याला अमेरिकेत मिरची भेटली, आणि युरोपने तिला मिऱ्यांचंच नाव चिकटवलं. पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्याला उतरवली, तेव्हा आपणही वेगळं काही केलं नाही. ‘मिरी’वरूनच ‘मिरची’ केलं. तेव्हा काकूंनी सांगलीहून डबी नेली असती, तर मिरची पाचशे वर्षांनी माहेरी गेली असती. असो.

आता पहिला प्रश्न. फवारा जवळ ठेवणं पन्नासही राज्यांत चालतं, पण प्रत्येकाच्या अटी निराळ्या. न्यू जर्सी मोजते औंसांत : खिशात मावेल अशी एकच डबी, आत पाऊण औंसापेक्षा जास्त द्रव नको. म्हणजे साधारण चार चमचे. कॅलिफोर्नियात हीच मर्यादा अडीच औंस. तिथे कायदेशीर असलेली मोठी डबी न्यू जर्सीत आणली की बेकायदा. हडसन ओलांडून न्यूयॉर्कमध्ये जा, तर तिथली मेख विक्रीत आहे. फवारा विकायचा तो परवानाधारक बंदूकविक्रेत्याने नाहीतर औषधाच्या दुकानात फार्मासिस्टने. ओळखपत्र दाखवायचं, वय अठरा पूर्ण हवं, आणि एका वेळी दोनच्या वर मिळत नाहीत.

पण खरी मौज मॅसॅच्युसेट्सची, म्हणजे लेक जिथे चाललीय तिथली. २०१४ पर्यंत त्या राज्याच्या कायद्यात ही चार चमचे मिरची ‘दारूगोळा’ या व्याख्येत बसत होती. बंदुकीच्या गोळ्यांच्या पंक्तीला! त्यामुळे फवारा बाळगायला पोलिसांकडून कार्ड काढावं लागे. रायफल आणि शॉटगनसाठी लागतं त्याच जातीचं. त्या काळात माझी एक भाची बॉस्टनजवळच्या उपनगरात शिकत होती. तिच्यासोबत मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. अर्जात यापूर्वीच्या अटकांबद्दल विचारलेलं, मनोरुग्णालयाबद्दल विचारलेलं. ती हसायला लागली, खिडकीपलीकडचा हवालदार मात्र हसला नाही. कार्ड आल्यावर आम्ही बंदुकीच्या दुकानात गेलो. काचेखाली पिस्तुलं, मागच्या भिंतीवर रायफली, आणि गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर, आपल्याकडे शाम्पूच्या पुड्या लटकतात तशा, किल्ल्या अडकवायच्या कडीसकट गुलाबी-जांभळ्या डब्या. भाचीने जांभळी घेतली.

२०१४ च्या दुरुस्तीने अठरा वर्षांवरच्यांची कार्डाची अट काढली. काकूंच्या लेकीला आता ठाण्याची पायरी चढायची गरज नाही, मात्र विकणाऱ्याला परवाना अजून लागतो. तेव्हा दुकान बहुधा बंदुकीचंच गाठावं लागेल.

मला इथे खटकतं ते हे. बंदूक हा अमेरिकेत घटनेने दिलेला हक्क आहे, म्हणून तिच्यामागे संघटना आहेत, पैसा आहे, वकिलांची फौज आहे. पर्समधल्या साधनांना वाली नाही. ज्या बाईला जीव न घेता जीव वाचवायचाय, तिच्यावर कित्येकदा बंदूकवाल्यापेक्षा कडक बंधनं आली. याच मॅसॅच्युसेट्समध्ये पिस्तूल परवान्याने मिळू शके, पण विजेचा झटका देणारी स्टन गन सामान्य माणसाला कुठल्याच परवान्याने मिळत नसे. सरसकट बंदी.

त्या बंदीत जेमी कॅटानो सापडली. मुलांच्या बापाने मारून तिला इस्पितळात पाठवलं होतं. न्यायालयातून मनाईहुकूम आणले. एक नव्हे, अनेक. उपयोग शून्य. राहायला घर उरलं नाही. एका ओळखीच्याने तिला स्टन गन दिली. एका रात्री ती कामावरून बाहेर पडते तो मुलांचा बाप दारात उभा. तिच्याहून जवळजवळ फूटभर उंच, वजनाने चाळीस-पंचेचाळीस किलो जास्त. तिने स्टन गन नुसती दाखवली. तो घाबरला आणि निघून गेला. झटका द्यावाच लागला नाही.

पुढे २०११ मध्ये एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भलत्याच चोरीचा तपास करणाऱ्या पोलिसांना तिने आपली पर्स तपासू दिली. स्टन गन निघाली आणि खटला उभा राहिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिला दोषी ठरवणारा निकाल कायम केला. कारणं वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली होती. त्यातलं एक असं की बंदुकीचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती झाली तेव्हा, म्हणजे १७९१ साली, स्टन गन प्रचारात नव्हती! या न्यायाने हातात ठासणीची बंदूकच उरते. मार्च २०१६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने रद्द केला आणि प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं. ते तेव्हा बऱ्याच बाबतींत दुभंगलेलं न्यायालय, पण इथे एकही विरोधी मत नाही, आणि मुख्य निकाल जेमतेम दोन पानांचा. त्या धक्क्याने न्यू जर्सीची बंदी गेली. मॅसॅच्युसेट्सची २०१८ मध्ये तिथल्याच न्यायालयाने मोडली.

तर काकू, लेकीला सांगा, डबी बॉस्टनलाच घे. कॉलेजं, कचेऱ्या, स्टेडियम यांचे स्वतःचे नियम असतात, ते आधी विचार. डबीवर मुदत छापलेली असते, ती बघ. आतला दाब कमी झाला की फवारा पायाशीच पडतो. आणि वारा समोरून असेल तर दाबू नकोस. आमच्या भाचीने पहिला प्रयोग घराच्या गच्चीत केला होता. संध्याकाळभर ती आणि मी, दोघेही, दुधात बुडवलेले नॅपकिन डोळ्यांवर घेऊन बसलो होतो.

उंबरठा पुढच्या आठवड्यात.