पाण्याखालच्या प्रकाशाचा जमाखर्च

जमिनीवर वापरायचा कॅमेरा घेताना आपण दुकानदाराला जे प्रश्न विचारतो, म्हणजे मेगापिक्सेल किती, झूम किती, सेन्सर केवढा, ते सारे समुद्राच्या पृष्ठभागाखाली चार-पाच मीटर उतरताच बरेचसे निस्तेज होतात. आणि तरीही तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रांद बेटापाशी पहिली बुडी मारून भारावलेल्या मनाने घरी परतलेले गृहस्थ, महिन्याच्या प्राप्तीतून शिल्लक टाकलेली बेताची रक्कम नेमकी याच प्रश्नांच्या उत्तरांवर खर्च करून मोकळे होतात. पाण्याखालचे छायाचित्र बिघडवणारा मुख्य आरोपी खुद्द पाणी आहे, आणि म्हणून पैशाची तजवीज करण्यापूर्वी त्याची कैफियत सविस्तर ऐकून घेणे इष्ट.

ती कैफियत ऐकण्याचा एक प्रख्यात प्रयत्न आपल्या मुंबई बंदराशी निगडित आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी युरोपच्या प्रवासात भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहिली, आणि ती म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब होय हे लॉर्ड रॅले यांचे मत तपासण्यासाठी, पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश निकोल लोलकाने वगळून त्यांनी पाण्याकडे पुन्हा निरखून पाहिले. तेव्हा निळा रंग लोपण्याऐवजी अधिकच खुलला. ‘नारकुंडा’ या आगबोटीवरून, मुंबई बंदराचा पत्ता घालून, त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकास त्या सप्टेंबरात जे पत्र धाडले त्यात हा मुद्दा मांडला आहे. रामन यांचा भर पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकीर्णनावर होता. पुढील मोजमापांनी या निळाईत पाण्याने तांबडा प्रकाश शोषून घेण्याचा वाटा फार मोठा असल्याचे दाखवून दिले, आणि छायाचित्रकाराचा संबंध येतो तो मुख्यतः या शोषणाशीच. अगदी शुद्ध पाण्यातदेखील ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश ५ मीटरांत पंचमांशाहूनही कमी उरतो आणि १० मीटरांत शेकडा तीन-चार भागांवर येतो, तर त्याच १० मीटरांत निळ्या प्रकाशाची घट शेकडा दहाच्या आतच राहते. लाल मासा त्या खोलीवर करडा दिसतो तो यामुळे.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती अशी की हा हिशेब केवळ खोलीचा नसून प्रकाशाने पाण्यातून तुडवलेल्या एकूण वाटेचा असतो. आपण स्वतःचा दिवा घेऊन उतरलो तर त्याचा प्रकाश वस्तूपर्यंत जाऊन लेन्सपर्यंत परततो, म्हणजे अंतर दुप्पट धरावे लागते. वस्तू ३० सेंटिमीटरांवर असेल तर वरील तांबड्या प्रकाशाचे शेकडा ८० हून अधिक भाग पदरात पडतात, १ मीटरवर असेल तर निम्मे, आणि ३ मीटरांवर असेल तर जेमतेम तेरा. शिवाय अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश मंदावतो तो निराळाच. त्यात पुन्हा मालवणच्या किनाऱ्याजवळचे पाणी म्हणजे लक्षद्वीपच्या उथळ लगूनमधले काचेसारखे पाणी नव्हे. गाळ आणि प्लवक यांचे असंख्य कण त्यात तरंगत असतात, आणि लेन्सला खेटून बसवलेला कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश पेटला की, आंबोली घाटातल्या धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यावर रस्त्याऐवजी धुकेच उजळून निघावे, तशी गत होऊन चित्रभर पांढरे ठिपके उमटतात.

तेव्हा उपाय एकच उरतो, तो म्हणजे लेन्स आणि वस्तू यांच्यामधले पाणी कमी करणे. आणि बेताच्या खिशाच्या माणसाने निवड करावयाची ती या एका कसोटीवर. दूरचे जवळ आणणारी झूम येथे निरुपयोगी, कारण ती वस्तू जवळ आणते, मधले पाणी मात्र होते तेवढेच ठेवते. जवळ जाण्याच्या मार्गात वक्रीभवनाचीही एक आडकाठी आहे. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ असल्यामुळे सपाट काचेमागच्या लेन्सचे दृष्टिक्षेत्र आकसते, आणि हवेत कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंश पाहणारी २४ मिलिमीटरची लेन्स पाण्यात ६० अंशांच्या आसपास येऊन ठेपते. प्रवाळाचा मोठा खडक किंवा सोबतचा पाणबुडा आख्खा टिपायचा तर मग मागे सरावे लागते, म्हणजेच पुन्हा पाणी वाढवावे लागते. घुमटाकृती काच किंवा पाण्यातच वरून चढवता येणारी रुंदकोनी लेन्स हा त्यावरचा तोडगा खरा, परंतु तो स्वस्त नाही. म्हणून पहिल्या हंगामात रुंद दृश्यांचा मोह आवरून लहान विषयांकडे, म्हणजे समुद्री गोगलगायी, कोळंब्या, खेकडे, प्रवाळाचे एकेक मुख यांकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मालवणच्या गढूळशा पाण्यात उत्तम चित्रे मिळतात ती याच विषयांची.

कॅमेरा निवडण्याचे काम मग सोपे होते. जलरोधक म्हणवणारे मोबाइल फोन थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडण्यापुरतेच तपासलेले असतात. त्यांच्या भरवशावर बुडी मारणे हा नसता धोका. गोप्रोसारखे छोटे कॅमेरे आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, चलच्चित्रणात ते वाकबगार आहेत आणि सेल्फीवाल्यांना तेवढे पुरतेही, पण हातभराच्या आतली वस्तू त्यांना स्पष्ट दिसत नसल्याने आपल्या कसोटीवर ते मागे पडतात. या कसोटीला जो उतरतो तो ऑलिंपसचा, आणि आता ओएम सिस्टम या नावाने विकला जाणारा, टीजी मालिकेतला कॅमेरा: २०१९ चा टीजी-६ आणि २०२३ चा टीजी-७. यांचा सेन्सर लहान, मेगापिक्सेल अवघे बारा, आणि दुकानातल्या तक्त्यावर हे आकडे पाहून कोणीही नाक मुरडील. परंतु लेन्सपासून १ सेंटिमीटरवर आलेली वस्तू ते स्पष्ट टिपतात, संस्कारासाठी रॉ स्वरूपातली नोंद ठेवतात, आणि लहान सेन्सरमुळे पुढचे-मागचे बरेचसे एकाच वेळी रेखीव येते, जे सूक्ष्म विषयांत गुणच ठरते. शटरवेगावर पूर्ण हुकमत चालवण्याची मुभा मात्र ते देत नाहीत, आणि पुढे हात बसल्यावर ही उणीव खुपते. एक इंची सेन्सरचे सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स यांसारखे कॅमेरे चित्राच्या प्रतीत सरस आहेत यात वाद नाही. पण ते मुळात जलरोधक नसल्याने हाउसिंग, म्हणजे वेगळे जलरोधक आवरण, अपरिहार्य, आणि चांगल्या हाउसिंगची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीशी बरोबरी करू लागली की दिव्यासाठी काही शिल्लकच राहत नाही.

टीजी कॅमेरा आवरणाविना १५ मीटरपर्यंत चालतो, एवढ्यावर हाउसिंगचा खर्च वाचवू पाहणाऱ्यांना एक खुलासा करणे अवश्य आहे. दर १० मीटरांमागे एक वातावरण या हिशेबाने दाब वाढत जातो, आणि स्कूबाची प्राथमिक सनद पाणबुड्यास १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी देते. म्हणजे माणसाची मर्यादा कॅमेऱ्याच्या मर्यादेपेक्षा ३ मीटर अधिक आहे, आणि एखाद्या देखण्या माशामागे जाताना त्या ३ मीटरांचे भान कोणाला राहते? विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठाराचा सर्वांत उथळ भागही २० मीटरांच्या खाली आहे. ४५ मीटरांपर्यंत टिकणारे कंपनीचे प्लॅस्टिकचे हाउसिंग त्यामानाने माफक किमतीत मिळते, आणि त्याचा आणखी एक उपयोग असा की बाहेरच्या दिव्याची फायबर ऑप्टिक केबल त्यावर जोडता येते.

दिव्याचा खर्च हाच खरा मोठा खर्च, आणि तो आजचा नाही. १८९३ साली फ्रान्सच्या बान्यूल्स येथे लुई बुतां या प्राणिशास्त्रज्ञाने पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा मॅग्नेशियम जाळण्यासाठी त्याला प्राणवायूने भरलेले एक अवजड पिंपच पाण्यात उतरवावे लागे. १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या सागरात लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत चित्रे टिपली ती तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून. आज त्या पिंपाची जागा मुठीएवढ्या स्ट्रोबने, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरच्या स्वतंत्र फ्लॅशने, घेतली आहे. कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशची चमक केबलवाटे स्ट्रोबला इशारा देते आणि त्याच क्षणी तो पेटतो. तो एका दांड्यावर लेन्सपासून बाजूला धरल्यामुळे मधले कण समोरून उजळत नाहीत. एकूण अंदाजपत्रकाचा तिसरा हिस्सा तरी यासाठी राखून ठेवावा, आणि कॅमेरा वापरलेला घ्यावा लागला तरी हरकत नाही. स्ट्रोबही वापरलेला मिळतो. तो घेताना सेलचे झाकण उघडून आतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला आहे काय, ते डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

पैसे अगदीच अपुरे असतील तर काही काळ सूर्यावर भागवावे. ५-६ मीटरांच्या आत, दुपारच्या उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन, पांढऱ्या पाटीवर किंवा वाळूवर व्हाइट बॅलन्स हाताने बसवला तर रंग पुष्कळ सावरतात, आणि खोली बदलली की तो पुन्हा बसवावा लागतो. बाजारात मिळणारा लाल फिल्टर तांबडा रंग निर्माण करतो अशी समजूत आहे. तो फक्त निळा-हिरवा प्रकाश अडवतो, म्हणून उथळ पाण्यात उपकारक आणि खोल पाण्यात, जिथे तांबडा उरलेलाच नाही, तिथे केवळ अंधार वाढवणारा. स्ट्रोब वापरताना तो काढून ठेवावा.

हाउसिंगची ओ-रिंग म्हणजे रबरी कडे. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते, म्हणून प्रत्येक बुडीपूर्वी उजेडात बोटाने चाचपून, सिलिकॉनच्या ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवून ती बसवावी, आणि बाहेर आल्यावर सारा संच गोड्या पाण्यात भिजत ठेवावा. आपल्या किनाऱ्यावरची हवा दमट, पाणी तिच्यापेक्षा थंड. दुपारी होडीवर हाउसिंग बंद केले तर आत कोंडलेली वाफ काचेवर साचते. वातानुकूलित खोलीत, सकाळीच, सिलिका जेलची पुडी घालून ते बंद करणे श्रेयस्कर.

आता राहिला एक खर्च, जो कोणत्याही दुकानाच्या पावतीवर येत नाही. वस्तूच्या वीतभर जवळ जायचे तर ना वर ना खाली असे पाण्यात निश्चल राहता आले पाहिजे, आणि ज्याला ते साधत नाही तो फिनच्या एका फटकाऱ्याने वाळू उडवून स्वतःचे चित्र तर गमावतोच, शिवाय ज्या प्रवाळावर टेकतो त्याची मोडतोड करतो. घट्ट बांध्याचे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढले तरी पुष्कळ. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य म्हणून घोषित आहे, आणि तारकर्लीला स्कूबाचे रीतसर प्रशिक्षण देणारी शासनाच्या पर्यटन महामंडळाची संस्थाही आहे. तेथील शिक्षणशुल्क आणि सरावाच्या बुड्या यांची तरतूद कॅमेऱ्याच्या आधी, अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत धरावी, आणि तो सराव होईतो कॅमेरा होडीवरच राहू द्यावा.