गार पाण्यात डाग काढणारी विकरे

हिवाळ्यात निफाडचा पारा घसरला, की नाशिककरांच्या घरी नळाचे पाणीही हाताला झोंबू लागते. अशा पाण्यात कपड्यावरचा दुधाचा, अंड्याचा किंवा रक्ताचा डाग सहजी निघत नाही. हे डाग मुख्यत्वे प्रथिनांचे. ते सुटावेत म्हणून अनेक धुलाईच्या पावडरींत प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, घातलेली असतात. ती बहुधा बॅसिलस कुळातील जिवाणूंपासून मिळवतात. कोमट पाण्यात ती जोमाने काम करतात. पाणी गार झाले, की मंदावतात.

अंटार्क्टिकातील जिवाणूंना मात्र कोमट पाणी मिळणार कोठून? शून्य अंशाच्या आसपासही त्यांना अन्न पचवावेच लागते. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये तेथील ‘टीए ४१’ या बॅसिलसच्या प्रथिनपाचक विकराचा अभ्यास प्रसिद्ध केला. थंडीत ते नेहमीच्या विकरापेक्षा अधिक वेगाने काम करते. कारण त्याच्या रेणूला घट्ट ठेवणारे बंध कमी आहेत, कॅल्शियमची पकडही सैल आहे. रेणू लवचिक असल्याने गारठ्यातही त्याची हालचाल थांबत नाही. या लवचिकतेची किंमतही आहेच: थोडी उष्णता लागताच ते मोडते. पुढे १९९७ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी त्यातील एकच अमिनो आम्ल बदलले, तेव्हा कॅल्शियमची पकड घट्ट झाली आणि विकर अधिक टिकाऊ बनले.

भारतातही हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ने अंटार्क्टिकातील सूक्ष्मजीवांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील एका यीस्टच्या प्रथिनपाचक विकरावरील त्यांचा शोधनिबंध १९९२ चा आहे. बाजारातील गार पाण्याच्या पावडरींत मात्र प्रामुख्याने नेहमीच्याच बॅसिलस विकरांची सुधारित रूपे असतात. ध्रुवीय विकर नाजूक, कारखान्याला टिकाऊ माल हवा. पाणी तापवण्याची वीज वाचते, हा यातला खरा लाभ.

पण ज्यांच्या कपाटात येवल्याची पैठणी आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रेशीमही प्रथिनच, आणि लोकरही. डाग आणि धागा यांतला फरक विकराला कळत नाही. ‘गार पाण्यात धुतले, म्हणजे भीती नाही’ हा जुना भरवसा गारठ्यातही काम करणाऱ्या विकरापुढे टिकत नाही. पाकिटावर ‘एन्झाइम’ हा शब्द दिसला, तर रेशमी आणि लोकरी कपडे त्या पावडरीत भिजवू नयेत. त्यांच्यासाठी विकरविरहित सौम्य द्रव मिळतो. पैठणी तर जाणकाराकडून ड्रायक्लीन करून घेतलेलीच बरी.