सिलिकाचं पाणी आणि अल्झायमरची धास्ती

अ‍ॅल्युमिनियम मेंदूत साठतं, त्यातून अल्झायमर होतो आणि सिलिकायुक्त पाणी रोज लिटरभर प्यायलं की ते सगळं लघवीवाटे निघून जातं. गेली काही वर्षं हा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. महागड्या बाटल्यांच्या जाहिरातींत तो डोकावतो आणि विसरभोळ्या झालेल्या आईवडिलांच्या काळजीनं हैराण झालेल्या घरांत हमखास ऐकू येतो. त्यात तीन वेगवेगळी विधानं एका दमात उरकलेली आहेत. ती सुटी करून पाहायला हवीत.

आधी त्यातलं खरं. पाण्यात विरघळलेली सिलिका सिलिसिक आम्लाच्या रूपात असते आणि ती अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवते. १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आम्लधर्मी, अ‍ॅल्युमिनियमयुक्त पाण्यात सामन माशांची पिल्लं मरत होती. त्याच पाण्यात पुरेसं सिलिसिक आम्ल मिसळल्यावर ती वाचली. म्हणजे रसायनशास्त्र पक्कं आहे. पण माशाचे कल्ले आणि माणसाचा मेंदू यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि हा दावा ते एका उडीत पार करतो.

माणसांवरचा पुरावा म्हणून २०१३ मधला एक अभ्यास पुढे केला जातो. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर एक्सली यांच्या गटानं अल्झायमरच्या १५ रुग्णांना १२ आठवडे रोज एक लिटरपर्यंत सिलिकायुक्त मिनरल वॉटर दिलं. लघवीतून अ‍ॅल्युमिनियम जास्त बाहेर पडलं, आणि तिघांची स्मरण-आकलनाच्या चाचणीतली कामगिरी सुधारली. मात्र साधं पाणी पिणारा तुलनेचा गट नव्हता. सोबतचे निरोगी जोडीदारही तेच पाणी पीत होते. अशा चाचण्यांचे गुण दिवसागणिक खालीवर होतात, सरावानंही वाढतात. शिवाय लघवीत अ‍ॅल्युमिनियम वाढलं म्हणजे ते मेंदूतूनच आलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. पंधरा माणसांच्या प्राथमिक अभ्यासाला ‘उपचार सापडला’ म्हणणं ही रुग्णांच्या घरच्यांची फसवणूक आहे.

दुसरा पुरावा फ्रान्सचा, आणि तो अधिक वजनदार. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या वृद्धांचा १९८८ पासून पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’त आले. पाण्यातून रोज १० मिलिग्रॅम सिलिका जास्त मिळणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका सुमारे ११ टक्के कमी दिसला. विचार करायला लावणारा आकडा आहे. पण हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. आणि एखादा आजार कदाचित कमी संभवणं वेगळं, झालेला आजार बरा होणं वेगळं.

मग अ‍ॅल्युमिनियमची भीती आली कुठून? १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत गुंते दिसले. ते अल्झायमरमधल्या गुंत्यांपेक्षा वेगळे असल्याचं नंतर स्पष्ट झालं, पण भीती तोवर घराघरांत पोचली होती. खरी विषबाधा घडली ती १९७० च्या दशकात, डायलिसिसच्या रुग्णांना. एका बैठकीत शंभर लिटरहून अधिक पाण्याचा रक्ताशी पडद्याआडून संबंध येतो. त्या पाण्यातलं आणि औषधांतलं अ‍ॅल्युमिनियम साचून त्यांची वाचा अडखळली, झटके आले, बुद्धिभ्रंश झाला. पाणी शुद्ध करून वापरायला लागल्यावर हा प्रकार जवळजवळ थांबला. निरोगी माणसाची गोष्ट निराळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनुसार तोंडावाटे गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी हजारात एक ते तीन भागच रक्तात शिरतात, आणि धडधाकट मूत्रपिंडं त्यातलं बहुतेक बाहेर टाकतात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दख्खनच्या बसाल्टमधून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका मुळातच असते. घरातलं आरओ यंत्र तिच्यातली बहुतांश काढून टाकतं. मग त्याच घरात परदेशी ज्वालामुखी बेटावरच्या सिलिकायुक्त पाण्याची बाटली विकत आणायची, याला काय म्हणावं?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

तुरटीनं निवळलेलं पाणी घातक: नाही. भारतीय मानकानुसार लिटरला ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅल्युमिनियम चालतं, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत. रोजच्या जेवणातून त्याहून कितीतरी जास्त जातं.

अ‍ॅल्युमिनियमची भांडी ताबडतोब फेकून द्या: गरज नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेले पदार्थ मात्र त्यांत साठवू नयेत. खरी चिंता भंगार वितळवून केलेल्या भांड्यांतल्या शिशाची आहे. अमेरिकेतल्या किंग काउंटीच्या २०२२ मधल्या तपासणीत अशी भांडी सापडली.

सिलिका म्हणजे विषच: फुप्फुसात जाणारी स्फटिकी धूळ घातक. खाणकामगारांना सिलिकोसिस होतो तो तिच्यामुळे. पाण्यात विरघळलेली सिलिका वेगळी.

डिमेन्शिया लांबवायचा असेल तर काय करावं, यावर ‘लॅन्सेट’ आयोगाचा २०२४ चा अहवाल आहे. सुमारे ४५ टक्के डिमेन्शियामागचे १४ धोके त्यात आहेत: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी झालेली पण दुर्लक्षित श्रवणशक्ती आणि दृष्टी, एकाकीपण. त्या यादीत अ‍ॅल्युमिनियम नाही. कानाचं यंत्र लागणाऱ्या आजीला बाटलीबंद पाणी देऊन कुणी निश्चिंत होऊ नये. ज्यांची मूत्रपिंडं कमकुवत आहेत, त्यांनी मात्र अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असलेली आम्लपित्ताची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.